ग्राफिक कम्युनिकेशनच्या पदवीला प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात काय पाहावे

विट्याच्या एका पालकांनी विचारले आहे की, त्यांची मुलगी बारावी शास्त्र शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिला पुण्यातील एका खासगी कलामहाविद्यालयात ‘ग्राफिक कम्युनिकेशन’ या चार वर्षांच्या पदवीला प्रवेश घ्यायचा आहे. शुल्क, राहणे, जेवण आणि साहित्य मिळून सुमारे ११ लाख रुपयांचा अंदाज त्यांनी काढला आहे. त्यांच्या ओळखीचे एक डीटीपीवाले मात्र म्हणतात की हेच काम सांगलीत आठ महिन्यांच्या क्लासमध्ये शिकता येते. तेव्हा ही पदवी घेण्यासारखी आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी गेली २७ वर्षे सांगलीत आर्टवर्क आणि प्रीप्रेसचे, म्हणजे छपाईपूर्वीच्या तयारीचे, काम करतो. हळद, बेदाणा, मसाले, खते यांची पाकिटे आणि खोकी हे त्यातले मुख्य काम. माझ्याकडे पदवीधर मुले-मुली नोकरीला आली, तशीच क्लास करून आलेलीही आली, आणि काही वर्षे मी कलामहाविद्यालयांत बाह्य परीक्षक म्हणूनही जात होतो. स्वतः माझ्याकडे मात्र ही पदवी नाही. पुढचे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

आपले डीटीपीवाले खोटे सांगत नाहीत. सॉफ्टवेअर आठ महिन्यांत येते, हुशार मुलीला चार महिन्यांतही येते. परंतु सॉफ्टवेअर चालवता येणे आणि एखादी गोष्ट कागदावर अशी का मांडली हे सांगता येणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पदवी घ्यायची असेल तर ती दुसऱ्या कामासाठी. त्यामुळे ‘पदवी की क्लास’ असा प्रश्न मी करणार नाही. आपण ज्या महाविद्यालयात पैसे भरणार आहात तिथे चार वर्षांत आपल्या मुलीच्या कामासमोर कोणी जाणता माणूस किती वेळा बसणार आहे, आणि चूक कुठे आहे हे तिला किती वेळा दाखवणार आहे, हे शोधायचे आहे. ते पुरेसे होत असेल तर पदवी वाजवी आहे. ते होत नसेल तर तेच पैसे दुसरीकडे लावलेले बरे.

हे मी अनुभवाने सांगतो. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या खोक्याचे काम माझ्याकडे आले. गडद हिरव्या पट्टीत पांढऱ्या, बारीक, नाजूक वळणाच्या अक्षरांत मी ‘बेदाणा’ असे लिहिले. स्क्रीनवर ते सुरेख दिसत होते, लेझर प्रिंटवरही सुरेख दिसत होते. पुठ्ठ्याच्या खोक्यावर मात्र रबरी स्टिरिओने, म्हणजे रबराच्या ठशाने, फ्लेक्सो पद्धतीची छपाई होते. दाबाखाली शाई कडेने पसरते आणि भरलेल्या रंगातून उलटी काढलेली, म्हणजे पांढरी सोडलेली, बारीक रेघ बुजून जाते. तीन हजार खोकी छापून आली तेव्हा ‘बे’वरची मात्रा सगळीकडे बुजली होती आणि खोक्यावर ‘बदाणा’ असे वाचता येत होते. खोक्यांचे पैसे मी भरले. ते व्यापारी आजही भेटले की मला ‘बदाणावाले’ म्हणूनच हाक मारतात. उलट्या अक्षराची रेघ जाड ठेवावी आणि मात्रा-वेलांटी मुद्दाम मोकळी काढावी, हे मला नंतर स्टिरिओ करणाऱ्याने सांगितले. चांगल्या महाविद्यालयात हाच धडा दुसऱ्या वर्षी एका प्रूफच्या, म्हणजे छपाईपूर्वीच्या नमुना प्रतीच्या, खर्चात मिळतो. अभ्यासक्रमाची किंमत मी याच मापाने मोजतो.

आता आधी कागदपत्रांचा भाग उरकू. तो कंटाळवाणा असला तरी त्यात फसगत होते. ‘ग्राफिक कम्युनिकेशन’ या नावाखाली सगळीकडे एकच गोष्ट शिकवली जात नाही. काही ठिकाणी तो आपल्या जुन्या ‘कमर्शिअल आर्ट’चा, म्हणजे उपयोजित कलेचाच अभ्यासक्रम असतो, काही ठिकाणी मुद्रणतंत्राकडे झुकलेला असतो, तर काही ठिकाणी मोबाइल अ‍ॅप आणि संकेतस्थळांच्या मांडणीकडे. म्हणून माहितीपुस्तिकेवरचे नाव बाजूला ठेवून आठही सत्रांच्या विषयांची यादी आणि प्रत्येक विषयाचे तास मागावेत. पदवी कोणती आणि ती कोणते विद्यापीठ देणार हे लेखी विचारावे. बी.एफ.ए. (ललित कला), बी.डेस. (डिझाइन) आणि बी.व्होक. (व्यवसाय शिक्षण) या तीन वेगळ्या पदव्या आहेत, आणि संस्थेचे स्वतःचे प्रमाणपत्र ही पदवी नव्हे. परराज्यातल्या एखाद्या विद्यापीठाचे ‘केंद्र’ म्हणून कोणी पदवी देत असेल तर तिथे प्रवेश घेऊ नये. अशा फ्रँचायझी केंद्रांना विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता नसते, आणि मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. पदवीचा कागद पुढेही उपयोगी पडतो. आय.आय.टी.मध्ये एम.डेस. करायचे असेल तर सीड ही परीक्षा द्यावी लागते, आणि बारावीनंतर किमान तीन वर्षांचा पदवी किंवा पदविका अभ्यासक्रम असल्याखेरीज साधारणपणे तिला बसता येत नाही. आठ महिन्यांच्या क्लासने ही वाट बंद राहते. शाळेत चित्रकला शिक्षिका होण्याचा विचार मनात असेल, तर त्याची वाट ए.टी.डी. ही पदविका आहे. त्यासाठी या पदवीवर खर्च करू नये.

पैशांबाबत आपल्या प्रश्नात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. आपल्या मुलीने राज्याच्या सीईटी कक्षाची उपयोजित कलेची प्रवेश परीक्षा, म्हणजे एएसी सीईटी, दिली आहे का? राज्यातील बी.एफ.ए. प्रवेशांसाठी ही परीक्षा असते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र असे हाताने काढायचे भाग असतात, आणि बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. हे विचारण्याचे कारण असे की, २०२४ च्या जुलैमध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला. ही सवलत केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे आणि खासगी व अभिमत विद्यापीठे तिच्या बाहेर आहेत. आपण या प्रवर्गांत बसत असाल, तर आपण पाहिलेल्या महाविद्यालयाला आणि या नेमक्या अभ्यासक्रमाला ती लागू होते का, हे लेखी उत्तर घेऊनच ठरवावे. लागू होत असेल तर ११ लाखांचा आकडा बराच खाली येतो आणि सगळा हिशेबच बदलतो. कर्ज काढूनच शिकवायचे असेल तर मी एवढेच सांगेन की, माझ्याकडे पहिल्या वर्षी पदवीधर आणि क्लास करून आलेला ऑपरेटर यांच्या पगारात दोन-तीन हजारांचाच फरक असतो. हा फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाढतो, कारण तोवर पदवीधराला ग्राहकासमोर एकट्याने पाठवता येते. परंतु सांगलीतल्या पहिल्या पगारातून मोठ्या कर्जाचा हप्ता सुटणार नाही. पदवीनंतर पुण्या-मुंबईतच राहायचे असेल तर हिशेब वेगळा, आणि तो आपल्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. मी इथे बसून तो मांडू शकत नाही.

आता प्रत्यक्ष महाविद्यालय कसे पाहावे, याकडे वळतो. प्रवेशाच्या दिवसांत आपल्याला संगणककक्ष दाखवतील, भिंतीवरची बक्षीसपात्र पोस्टरे दाखवतील आणि कोणत्या कंपन्यांत मुले लागली त्याचा तक्ता दाखवतील. या तिन्ही गोष्टींवरून फारसे काही कळत नाही. संगणक कोणालाही विकत घेता येतात. बक्षीस मिळवणारी दोन मुले प्रत्येक वर्गात असतातच, आणि ती महाविद्यालयाविनाही पुढे गेली असती. आपण तिसऱ्या वर्षातल्या मधल्या फळीतल्या, बक्षीस न मिळालेल्या विद्यार्थ्याचे काम पाहायला मागावे, आणि तयार काम न पाहता त्याचे रफ, म्हणजे कच्चे आराखडे, पाहावेत. एका कामामागे किती रफ आहेत, त्यावर शिक्षकांच्या खुणा आहेत का, तारखा वेगवेगळ्या आहेत का, की सगळे रफ सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच पेनाने काढलेले आहेत? हे ओळखायला कलावंत असावे लागत नाही. शाळेच्या वह्या तपासलेल्या कोणत्याही पालकाला ते दिसते.

सबमिशनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. परीक्षक म्हणून गेलो असताना एका ठिकाणी तीन विद्यार्थ्यांच्या फायलींत अक्षरलेखनाचे नमुने एकाच हातचे आढळले. बाहेर पैसे देऊन सबमिशन करून घेण्याची सोय काही शहरांत महाविद्यालयाच्या आसपासच उपलब्ध असते. तेव्हापासून मी परीक्षेत विद्यार्थ्यासमोर कोरा कागद ठेवून ‘क्ष’ काढायला सांगू लागलो. ज्याने वर्षभर हात चालवला आहे तो गाठ कुठे सुरू करायची याचा क्षणभर विचार करतो आणि काढतो. ज्याने चालवलेला नाही तो मोबाइल चाचपतो. आपण भेटीला जाल तेव्हा परीक्षा घेऊ नये हे उघड आहे, पण तिथल्या मुलांशी पाच मिनिटे बोलायला काहीच हरकत नाही. ‘सरांनी तुमचे काम शेवटचे परत केव्हा पाठवले?’ एवढेच विचारावे.

यानंतर शिक्षकांची चौकशी करावी. किती जण पूर्णवेळ आहेत आणि किती तासिका तत्त्वावर, हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. तासिका तत्त्वावर शिकवणारे वाईट असतात असे मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीचे काही उत्तम आर्टिस्ट तसेच शिकवतात, आणि बाजारातले ताजे ज्ञान तेच वर्गात नेतात. परंतु तासाचे पैसे मिळणारा माणूस तास संपल्यावर थांबत नाही, आणि या विषयातले खरे शिकणे तर तास संपल्यावर, टेबलाशी उभे राहून होते. दोन-तीन पूर्णवेळ शिक्षक वर्षानुवर्षे टिकून असतील तर महाविद्यालयाला कणा आहे असे समजावे. दर वर्षी सगळेच नवे असतील तर अभ्यासक्रम कागदावर कितीही चांगला असला तरी मी दोनदा विचार करीन.

मुद्रणाचा भाग किती शिकवतात हेही पाहावे. आजकाल अनेक ठिकाणी तो दोन व्याख्यानांत गुंडाळतात, कारण सगळे आता स्क्रीनवरच असते असा समज आहे. आपल्या भागात तसे अजिबात नाही. मार्केट यार्डातून निघणारी हळद पाकिटात जाते, बेदाणा खोक्यात जातो, आणि ते पाकीट नि खोके कोणीतरी काढावे लागते. ऑफसेटला तीन मिलिमीटर ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेला रंग) का सोडायची, मॅप्लिथो या साध्या कागदावर रंग गुळगुळीत आर्ट पेपरपेक्षा मंद का येतो, काळे बारीक अक्षर चार रंगांत का बांधू नये, घडीच्या जागी क्रीझिंग न केल्यास, म्हणजे आधी दाबून रेघ न पाडल्यास, जाड कागद का तडकतो, हे ज्याला माहीत नाही त्याने केलेले आर्टवर्क प्रेसमध्ये दुसऱ्या कोणालातरी पुन्हा करावे लागते. विद्यार्थ्यांना वर्षातून किती वेळा प्रेसमध्ये नेतात आणि स्वतःचे एक तरी काम प्रत्यक्ष छापून घ्यायला लावतात का, हे विचारावे.

आणि देवनागरी. याबाबत मी जरा हट्टी आहे, हे कबूल करतो. अनेक महाविद्यालयांत टायपोग्राफीचे, म्हणजे अक्षरमांडणीचे, तास पूर्णपणे रोमन लिपीवर खर्च होतात, आणि मुले सांगलीला परत येतात तेव्हा त्यांना ‘कऱ्हाड’ नीट छापता येत नाही. अर्धा र आणि रफार यांतला फरक न कळणारा फॉन्ट वापरला की ‘कर्‍हाड’चा ‘कर्हाड’ होतो, ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, आणि हे ग्राहकाच्या आधी आर्टिस्टच्या डोळ्याला खुपले पाहिजे. जुने मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीतून युनिकोडमध्ये आणताना काय काय मोडते, काही फॉन्टमध्ये भाषा ‘मराठी’ निवडल्याखेरीज ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे का येत नाहीत, हे शिकवणारा माणूस तिथे आहे का? र. कृ. जोशी यांच्यासारखा लिपीचा अभ्यासक मुंबईत शिकवत होता. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. अशा परंपरेतले कोणी शिक्षक लाभले तर ते मोठेच भाग्य. तसे आपल्या भागाला या कामाचे वावडे कधीच नव्हते. १८०५ साली मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली होती, आणि त्या कारागिरांनी प्रत्येक अक्षर उलटे कोरले होते.

इथवर सांगितलेल्यापैकी रफ, शिक्षक, छपाई आणि देवनागरी या चार गोष्टी समाधानकारक असतील, तर वास्तू जुनी असली आणि संगणक कमी असले तरी मी ते महाविद्यालय पसंत करीन. संगणक आपण घरीही घेऊ शकता.

नोकरीसाठी आलेल्यांतला फरक कसा दिसतो, ते दोन मुलाखतींवरून सांगतो. एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन जण आले होते. पहिल्या मुलाच्या पोर्टफोलिओत चाळीस कामे होती. प्रत्येक बाटली, प्रत्येक पिशवी जाहिरातीत शोभेल अशी, कारण ती सगळी तयार मॉकअपवर, म्हणजे वस्तूच्या आयत्या छायाचित्रावर, चढवलेली होती. ‘हे पाकीट कशावर छापायचे?’ असे विचारले तर तो म्हणाला, ‘ते प्रेसवाले बघतील.’ दुसरी मुलगी जतकडची होती आणि तिच्याकडे नऊच कामे होती. त्यातल्या हळदीच्या पाकिटामागे सात रफ लावलेले होते. तिसऱ्या रफवर शिक्षकांनी लाल पेन्सिलीने लिहिले होते, ‘वजन कुठे आहे?’, आणि चौथ्यावर निव्वळ वजन पुढच्या बाजूला आले होते. मी तिला विचारले की बारकोड लाल रंगात छापला तर चालेल का. तिला उत्तर माहीत नव्हते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि तिने मला उलट विचारले, ‘स्कॅनरचा उजेड कोणत्या रंगाचा असतो?’ दुकानातल्या बहुतेक स्कॅनरांचा उजेड लाल असतो, त्यामुळे लाल पट्ट्या त्याला पांढऱ्यासारख्याच दिसतात आणि बारकोड वाचला जात नाही. तिला नोकरी मिळाली ती त्या प्रश्नामुळे. ती पदवीधर होती आणि पहिला मुलगा क्लास करून आलेला, असे मी सांगेन अशी आपली अपेक्षा असेल, परंतु दोघेही पदवीधर होते. महाविद्यालये वेगळी होती.

चित्रे काढून देणाऱ्या नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे हे क्षेत्रच उरणार नाही, अशी भीती आपण प्रश्नात शेवटी व्यक्त केली आहे. माझ्याकडे ती साधने रोज वापरली जातात. सुटे चित्र, पार्श्वभूमी, सणाची पोस्ट ही कामे त्यांनी खरोखर स्वस्त केली, आणि केवळ तेवढेच करणाऱ्यांचे दिवस कठीण आहेत. पण जोडाक्षरे ती अजूनही कधीकधी चुकवतात, आणि व्यापाऱ्याला काय हवे आहे हे व्यापाऱ्यालाच नीट सांगता येत नाही तेव्हा त्याच्याकडून ते काढून घेण्याचे काम माणसालाच करावे लागते. आठ महिन्यांच्या क्लासला या बदलाचा धोका जास्त आहे, चांगल्या पदवीला कमी. वाईट पदवीला मात्र क्लासइतकाच आहे, फक्त खर्च दहापट.

राहता राहिली आपली मुलगी. तिचे गुण आपण कळवले आहेत, पण ती चित्र काढते का हे कळवलेले नाही. हात फार सफाईदार असलाच पाहिजे असे नाही. तिला दुकानाची पाटी वाचताना अक्षर खटकते का, एखादे पाकीट उघडून ते कसे घडी केले आहे हे पाहावेसे वाटते का, यावर मी अधिक भर देईन. आणि केलेले काम तिसऱ्यांदा परत आले तर ती चिडून सोडते की पुन्हा बसते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसणार.

तिने यंदा सीईटी दिली नसेल, तर एक वर्ष थांबण्याचा विचार आपण जरूर करावा. सहा महिने सांगलीत, कुपवाडला किंवा विट्यातच एखाद्या प्रेसमध्ये तिला सकाळी चार तास बसू द्यावे, पगाराची अपेक्षा न ठेवता. प्लेट कशी लागते, प्रूफवर सही कोण करते, चूक झाली की कोणाच्या नावावर पडते, हे तिला दिसेल. दुपारी वस्तुचित्राचा सराव करावा. त्या सहा महिन्यांनंतरही तिला हेच करायचे असेल, तर प्रवेशाच्या वेळी ती स्वतःच योग्य प्रश्न विचारील. महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा प्रवेशाच्या गर्दीत न जाता मधल्या एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी तीनला जावे, तिला बरोबर न्यावे, आणि स्टुडिओत त्या वेळी किती मुले टेबलावर वाकलेली आहेत ते मोजावे.